बंडूचं परस्थान

बंडू फिनलंडला गेला नाही.

हे वाक्य वाचलं नाही असं धरून पुढे चालावं. घरात सगळ्यांनी तसंच धरलंय. सावळाराम साळेकरांचा धाकटा मुलगा फिनलंडात जहाजं बांधणाऱ्या एका कंपनीत वेल्डर आहे, तिकडे थंडी फार आहे, तब्येत बरी आहे. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी कुणीही विचारलं तर एवढंच उत्तर मिळतं. नसरापूरच्या चौकातला शुभेच्छांचा फ्लेक्सही हेच सांगतो. त्यावर बंडूच्या मागे जो बर्फ दिसतो तो फ्लेक्सवाल्याने बंडूच्याच लग्नानंतरच्या मनालीच्या फोटोतून घेतलाय. कोपऱ्यात बायकोची ओढणी दिसते, पण बर्फ खरा आहे.

तर मुद्दा त्या रविवारचा. पण त्याआधी अमावस्येचं सांगायला हवं.

कंपनीने सगळ्या बॅचची तिकिटं ज्या दिवसाची काढली तो दिवस नेमका अमावस्येचा निघाला. मानसिंगची, म्हणजे बंडूच्या थोरल्या भावाची मुलगी शेफाली पुण्यात ज्या ऑफिसात कामाला आहे, तेच ऑफिस या वेल्डरांना तिकडे धाडत होतं. नव्या नोकरीवर परदेशी निघालेल्या माणसांची तयारी करून घेणं हे तिचं काम. तिकडे बँकेत खातं कसं उघडायचं, अंगात किती कपडे घालायचे, बसस्टॉपवर शेजारच्या माणसापासून किती लांब उभं राहायचं. याला ऑनबोर्डिंग म्हणतात. तिने तारीख बदलून मागितली, कारणाच्या जागी ‘चंद्र’ असं लिहिलं, आणि तिकडून सभ्य नकार आला.

मग सावळारामांच्या थोरल्या बहिणीला, धोंडाबाईंना, वेल्ह्याहून बोलावणं गेलं. त्या म्हणाल्या, परस्थान ठेवा. परस्थान ही जुनी आणि सोयीची गोष्ट आहे. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी एखादं गाठोडं वेशीबाहेर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास सुरू झाला असं देवाच्या दरबारी धरलं जातं, आणि माणूस मग आपल्या सवडीने निघतो. पण बंडूच्या बॅगेत रोज काहीतरी भरलं जात होतं आणि रोज काहीतरी निघत होतं, त्यामुळे बॅग बाहेर ठेवता येईना. धोंडाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मग गाठोडं कशाला, बंडूच ठेवू.

तसं झालं. चांगला दिवस बघून मांडव, हलगी, सरपंचांचं भाषण, गावजेवण. सुप्रियाने नवऱ्याला ओवाळलं, वेशीवर नारळ फुटला, बंडू रडला, लोक रडले. बंडू मानसिंगच्या दुधाच्या टेम्पोत बसला आणि वेल्ह्याच्या वरच्या वाडीत धोंडाबाईंच्या घरी उतरला. तेव्हापासून तो तिथं ठेवलेला होता. मोबाईलला रेंज फक्त शेळ्यांच्या गोठ्यामागच्या एका दगडावर यायची. त्या दगडावर उभा राहून तो रोज फिनलंडचे धडे घ्यायचा आणि शेळ्या ऐकायच्या.

परस्थानाला एकच कलम आहे. जे ठेवलं ते तिकडे पोचल्याशिवाय माघारी घरात आणायचं नाही. सावळारामांचे चुलते गेनबा एकदा वेशीवरून छत्री न्यायला मागे फिरले आणि दुसऱ्याच दिवशी गोठ्याच्या पत्र्यावरून खाली आले. छत्रीला काही झालं नाही. तेव्हापासून या घरातलं कुणी मागे फिरलेलं नाही. सावळाराम मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघाले तेव्हा चष्मा घरी राहिला, फाटकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, आणि ते तसेच अंदाजाने भोरला गेले.

अशा घरात शेफालीने सांगितलं की रविवारी कंपनीचं कुटुंब परिचय सत्र आहे, फिनलंडहून बाई बोलणार आहेत, आणि कर्मचारी व त्याचं कुटुंब एकाच ठिकाणी, एकाच फ्रेममध्ये बसलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर नाव पुढच्या बॅचला, आणि पुढची बॅच निघेल याची खात्री नाही.

मग सावळारामांनी बहिणीकडे पाहिलं.

धोंडाबाईंनी पान खाऊन संपवलं आणि निकाल दिला. बंडूला आणायचं, पण तो आला असं धरायचं नाही. पुढच्या दाराने येणार नाही, गोठ्यातून येईल. ये म्हणायचं नाही, बस म्हणायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. पाणी तर मुळीच द्यायचं नाही, कारण दारात आलेल्याला पाणी दिलं की तो आला.

“बगायचं बी न्हाई?” सावळारामांनी विचारलं.

“बगा की. पर वळखू नका.”

*

बंडू गोठ्यातून घरात शिरला तेव्हा सगळे टीव्हीच्या खोलीत बसले होते आणि सगळ्यांनी त्याला बघून ओळखलं नाही. हे त्यांनी इतकं मन लावून केलं की बंडूला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्यांच्या घरात आलो.

तसं वाटायला कारणंही होती. त्याच्या आणि सुप्रियाच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत खाट नव्हती. खाटेच्या जागी दुधाचे कॅन रांगेने उभे होते, आणि खिडकीखाली, जिथं बंडू डोकं ठेवून झोपायचा, तिथं मानसिंगचं दुधाची फॅट मोजायचं मशीन होतं. मशीनला हार घातलेला होता. म्हणजे उद्‌घाटन झालं होतं. भिंतीवरची त्याची खुंटी होती, पण तिला मापाची पळी लटकत होती. वडलांच्या पायात बंडूची सँडल होती. सावळारामांनी पाय हळूच खुर्चीखाली घेतले, पण न ओळखण्याच्या नियमात सँडलबद्दल काहीच ठरलेलं नव्हतं.

मानसिंग थोडा अवघडला. त्याचं म्हणणं असं की दूध संकलन केंद्राला जागा हवीच होती, आणि जागा आज ना उद्या रिकामी होणार होती. ती जरा आधी रिकामी झाली यात त्याचा दोष नव्हता, मुहूर्ताचा होता. हे त्याला भावाला सांगायचं होतं. पण भाऊ आलेलाच नसल्याने ते त्याने धोंडाबाईंना सांगितलं, आणि धोंडाबाई म्हणाल्या, बरोबर हाय.

शेफालीने लॅपटॉप टीव्हीला जोडला. या बॅचची जबाबदारी पहिल्यांदाच एकटीवर होती आणि पहिल्यांदाच समोर स्वतःचं घर होतं. तिने काकाला खुणेने मधल्या खुर्चीत बसवलं. खुणा करू नका असं धोंडाबाईंनी सांगितलं नव्हतं. बाकीचे दोन्ही बाजूंनी बसले, बंडूच्या आजूबाजूला हातभर जागा सोडून, जशी नुकत्याच सारवलेल्या भुईभोवती सोडतात.

पडद्यावर बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा, मागे खिडकी आणि खिडकीत पांढरं काहीच नाही. त्यांनी नमस्कार केला आणि थांबल्या. इकडून कुणी बोललं नाही. बाई अजून थांबल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू खुलला. शेफालीने भाषांतर केलं: बाई म्हणतायत, एवढ्या वर्षांत शांत बसता येणारं हे पहिलंच कुटुंब पाहिलं. तिकडे हाच खरा शिष्टाचार आहे. कर्मचारी आणि कुटुंब यांच्यात अंतरही अगदी योग्य आहे.

धोंडाबाईंनी मान डोलावली. जगात आपले नियम पाळणारे अजून कुणी आहेत हे त्यांना नवं नव्हतं, फक्त देश माहीत नव्हता.

मग प्रश्न सुरू झाले. बाईंनी विचारलं, बंडू गेल्यावर घरात काय बदलेल? शेफालीला माहीत होतं की या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळतं: आई डोळे पुसते आणि बाप म्हणतो, आठवण येईल. ती तेच भाषांतर तयार ठेवून बसली होती.

सावळाराम म्हणाले, “बदलायचं ते बदललं. काय अडलं न्हाई.”

आणि त्यांनी सांगायला घेतलं. ते प्रामाणिक माणूस. मोटार चालू करायला मानसिंग जातो. म्हशीला बंडूचाच हात लागायचा, तिने दोन दिवस लाथा मारल्या, आता मारत नाही. बंडूच्या वाट्याची शेवटची भाकरी कुत्र्याला घालायला लागली होती, मग एक भाकरी कमी थापली. रात्री पंखा एकाच खोलीत लागतो. गावाच्या भजनात टाळ वाजवायला त्याच्या जागी पोस्टमन येतो आणि तो तालात वाजवतो.

शेफालीने भाषांतर केलं: आठवण येईल.

बंडू खुर्चीत बसून होता. त्याला राग आला नाही. रागासाठी आपण तिथं आहोत हे आधी मान्य व्हावं लागतं. त्याला वाटलं होतं आपल्या जाण्याने घराच्या एका कोपऱ्याचा आधार निघेल. निघाली होती ती एक भाकरी. तेवढ्यात त्याला उचकी लागली.

पहिली उचकी सगळ्यांनी सोडून दिली. दुसरीला बाईंनी पलीकडून विचारलं, ठीक आहे ना? तिसरीला सावळारामांचा हात तांब्याकडे गेला आणि बहिणीच्या नजरेने परत आला.

“कुणीतरी आटवण काढतंय त्याची,” धोंडाबाई समोरच्या भिंतीला म्हणाल्या. “तिकडं लांब आसंल तितं लागली आसंल उचकी.”

आता नाव घेतलं की उचकी थांबते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून खोलीतली माणसं मनात एकेक नाव घेऊ लागली. मानसिंगने मनातल्या मनात स्वतःचं नाव घेतलं. उचकी थांबली नाही. सावळारामांनी बंडूच्या मेलेल्या आईचं घेतलं. नाही थांबली. पडद्यावरच्या बाई वाट बघत राहिल्या. त्यांच्याकडे वाट बघण्याची पद्धत असावी.

मग बाईंनी पुढचा प्रश्न सुप्रियाला विचारला. तयारीचे हे दिवस कसे गेले?

सुप्रिया चटईच्या टोकाला बसली होती. गेला महिनाभर ती मानसिंगच्या बाजूने होती. जाऊ दे त्यांना, असं तिनेच सासऱ्याला समजावलं होतं. खोली रिकामी करताना खाटेचं एक टोक तिने धरलं होतं. त्यामुळे मानसिंग निश्चिंत होता.

“लई बरं गेले,” ती म्हणाली.

बंडूची उचकी तिथल्या तिथे थांबली.

शेफालीने काकूकडे पाहिलं. भाषांतर काय करावं ते तिला सुचेना, म्हणून तिने जसं होतं तसं केलं. बाईंनी विचारलं, का?

सुप्रिया टीव्हीकडे बघून बोलली, कारण बंडूकडे बघून बोलायला बंदी होती. “हितं होते तवा दिवसभर शिरवळला कंपनीत. घरी आले की मोबाईल. लगीन झाल्यापास्नं माझ्याशी बोलले ते मीठ आन टावेल. वेल्ह्याला ठेवल्यापास्नं रोज फोन करत्यात. दगडावर हुबं राहून. परवा इचारलं, तुला काय आवडतं. म्या म्हनलं, बगून सांगते. मला कुणी इचारलंच न्हवतं, तर ठावं कुठनं असनार.”

“सापडलं का मग?” हे सावळारामांनी विचारलं. सून सासऱ्यासमोर असं बोलेल हे त्यांच्या हिशोबात नव्हतं. त्यांना धक्का बसला होता, आणि धक्क्यात माणूस खरं कुतूहल दाखवतो.

“सापडलं,” सुप्रिया म्हणाली. “पन ते त्यांनाच सांगीन. आले की.”

एवढं सगळं शेफालीने एक शब्द न गाळता सांगितलं. ऑफिसच्या नियमानुसार ती फक्त आवश्यक तेवढंच सांगायला बांधील होती. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग त्या शेवटच्या प्रश्नाकडे वळल्या. हा प्रश्न सगळ्यांना विचारतात. आपण स्वतःच्या इच्छेने येत आहात ना? याला शेफालीने आजवर एकच उत्तर ऐकलं होतं, आणि ते बहुतेक वेळा कर्मचाऱ्याच्या बापाने दिलेलं असायचं.

सावळारामांनी व्हय म्हणायला तोंड उघडलं.

“नो, मॅडम,” बंडू म्हणाला.

हे इंग्रजीत असल्याने शेफालीला मध्ये पडता आलं नाही.

“आय डोन्ट वॉन्ट,” तो पुढे म्हणाला, अगदी हळू, धड्यातल्यासारखं. “थँक यू.”

बाईंनी क्षणभर विचार केला. मग त्या म्हणाल्या, आणि हे शेफालीने पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने सांगितलं, की तिसऱ्या धड्यात आम्ही शिकवतो: नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा, कारण द्यावं लागत नाही. आजवर तुमच्या भागातून हे कुणालाच जमलं नव्हतं. या बॅचमध्ये आमच्याकडे राहायला सगळ्यात योग्य माणूस हाच होता. त्याचं नाव मी आत्ताच काढून टाकते. शुभेच्छा. आणि पडदा निळा झाला.

*

टीव्हीवर आता फक्त कंपनीचा निळा रंग होता.

“कोन बोललं?” सावळारामांनी विचारलं.

“कुनी न्हाई,” धोंडाबाई म्हणाल्या. “जो आला न्हाई तो बोलंल कसा.”

मानसिंग उभा राहिला. त्याचा राग सरळ होता. सरपंच भाषण करून गेलेत. गाव जेवून गेलंय. पाव्हण्यांनी मानाच्या टोप्या घातल्यात. आता गावाला काय सांगायचं, की माणूस वेल्ह्यापर्यंत जाऊन आला? शेफालीला तर ऑफिसात काय सांगायचं हाच प्रश्न होता. तिच्या पहिल्या बॅचमधला पहिला माणूस गळला होता आणि तोही तिच्याच घरचा. दोघं बापलेक मिळून धोंडाबाईंवर चालून गेले, की हे परस्थान तुम्हीच काढलंत. धोंडाबाईंनी शांतपणे विचारलं, मग अमावस्येला पाठवायचा होता का? आता तो अमावस्येलाही जाणार नव्हता.

मानसिंग शेवटी नियम मोडून भावाकडे वळला. “का रं? अं? चार वरसांचा तर परश्न हुता.”

बंडूने उठून खोलीच्या दारातून आत पाहिलं. “मला वेल्ह्याला ठेवला आन तेवड्यात खाट गेली, दादा. चार वरसांनी आलो तर मला कुठं ठिवनार?”

मानसिंगने उत्तर द्यायला मशीनकडे पाहिलं, मशीनवरच्या हाराकडे पाहिलं, आणि बसला.

सुप्रिया उठून आत गेली. आली तेव्हा हातात तांब्या होता, वर फुलपात्र पालथं. तिने ते बंडूच्या पुढ्यात ठेवलं. खोलीतल्या प्रत्येकाला याचा अर्थ माहीत होता. पाणी प्याला की आला. गेनबा, छत्री, पत्रा, सगळं त्या तांब्यात होतं. बंडूने हात पुढे केला.

मानसिंगने तांब्या उचलला आणि स्वतः पिऊन टाकला. उभ्यानं, एका दमात, गळ्यावरून ओघळ येईपर्यंत. मग त्याने रिकामा तांब्या खाली ठेवला आणि तोंड पुसलं. तो भावाच्या विरुद्ध प्याला की भावासाठी, भावाला पत्र्यावरून पडू न देण्यासाठी, हे त्याचं त्यालाही नक्की कळलं नव्हतं. पण पडलेल्या गेनबाला खांद्यावर घेऊन भोरच्या दवाखान्यापर्यंत पळालेला पोरगा तोच होता, आणि हे घरात कुणी बोलत नसे.

“भावजी,” सुप्रिया म्हणाली, “आनखी पानी हाय घरात.”

“आनखी बी पीन,” मानसिंग म्हणाला.

सावळारामांनी हात वर केला. त्यांनी बहिणीला विचारलं, आणि विचारताना त्यांनी तिला आक्का म्हटलं, जे ते फक्त अडचणीत म्हणत. आक्का, याला घरात घ्यायची काहीच वाट न्हाई का? लेक हाय माझा.

गेले कित्येक दिवस हा पोरगा धोंडाबाईंच्या गोठ्यामागे उभा राहून बायकोला फोनवर हसवत होता आणि त्या आतून ऐकत होत्या. त्यांना तो जायलाही नको होता आणि राहायलाही. पण नियम त्यांनी केलेला नव्हता, त्या फक्त त्याला जिवंत ठेवत होत्या.

“वाट हाय,” त्या म्हणाल्या. “तिकडं गेलेला माघारी यिऊ शकतो. तितनं आला तर पुडच्या दारानं घ्यायचा, पाय धुवायचे. हितनं आला तर न्हाई.”

“पन तो गेलाच न्हाई.”

“मंग कागद आना. तिकडनं माघारी पाठवला आसा त्यांचा कागद आसंल तर मी दुसरं काय बोलनार न्हाई.”

बंडू गोठ्यात जाऊन म्हशीजवळ बसला. म्हशीने त्याला ओळखलं. तिला नियम सांगायचा राहिला होता. धोंडाबाईंनी दुपारच्या वेल्ह्याच्या एसटीची चौकशी केली. मानसिंग खोलीत गेला आणि एक कॅन बाहेर आणून ठेवला, मग थोडा विचार करून दुसरा.

सुप्रियाने लॅपटॉप शेफालीपुढे सरकवला. तिने सांगितलं आणि शेफालीने ऑफिसच्या भाषेत लिहून काढलं. काकूचा एकही मुद्दा तिने गाळला नाही:

प्रति,
मा. अधिकारी, नवीन कर्मचारी विभाग,
फिनलंड.

विषय : न आलेल्या कर्मचाऱ्यास परत पाठविल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझे पती श्री. बंडू सावळाराम साळेकर, वेल्डर, हे आपल्या कंपनीत रुजू झालेले नाहीत. तथापि त्यांना घरी परत येता यावे यासाठी ते आपल्याकडे आले होते असे एकदा धरण्यात यावे, व धरल्यानंतर लगेच त्यांना परत पाठविण्यात यावे. त्यांच्या राहण्याजेवणाची कोणतीही तोशीस कंपनीस पडणार नाही, कारण ते सध्या आमच्या गोठ्यात आहेत. दाखल्यावर आपला शिक्का व ‘वर्तणूक चांगली होती’ एवढा मजकूर असल्यास पुरेल. वर्तणूक चांगली आहे याची खात्री मी देते.

सदर दाखला दुपारच्या जेवणाआधी मिळावा ही नम्र विनंती. पान वाढलेले आहे.

आपली विश्वासू,
सौ. सुप्रिया बंडू साळेकर